स्लोव्हेनिया एका थांब्यात उरकू नका

तुमचा स्लोव्हेनियावरचा लेख छान, फोटो तर झकासच. पण 'व्हेनिसहून व्हिएन्नाला जाताना ब्लेडला अर्धा दिवस पुरे' हे काही पटलं नाही. ब्लेड गावातलं तळं, बेटावरचं चर्च आणि क्रीम केक (तो खावाच, ब्लेडची शान आहे) यापुढेही देश आहे की!

ब्लेडहून बसने थोड्याच वेळात राडोव्लित्सा येतं. तिथल्या जुन्या वाड्यात मधमाशीपालनाचं संग्रहालय आहे. 18व्या शतकापासून इथले शेतकरी मधपेट्यांच्या पुढच्या फळ्या रंगवायचे. एका फळीवर चक्क शिकाऱ्याची अंत्ययात्रा, आणि खांदा द्यायला जंगलातले प्राणी! दुसरीवर सैतान बाईच्या जिभेला चाकावर धार लावतोय. आमच्या सौ. त्या फळीपुढून न बोलता पुढे गेल्या, तेव्हाच मी काय ते समजलो. जागतिक मधमाशी दिन 20 मे रोजी असतो, तोही इथल्याच अंतोन यान्शा या मधपाळाच्या स्मरणार्थ.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. आक्रोड भरलेली पोटिका, चीज भरून उकडलेले श्त्रुक्ली मिळतात. कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी मागवताना मात्र आधीच बजावा, नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरून आणतात.

राजधानी ल्युब्लियानाबद्दल लेखात एकच ओळ? वास्तुरचनाकार प्लेच्निकने बांधलेला नदीकाठचा बाजार आणि तिहेरी पूल पाहायलाच संध्याकाळ जाते. त्याची तिथली कामं 2021 साली जागतिक वारसा यादीत गेली. पुढच्या भागात इद्रिया गावाच्या लेसवरही लिहा, वाट पाहतोय.