शाई वाळलेला पेन उकळत्या पाण्यात घालू नये : खुलासा

शाई वाळून तुंबलेला फाउंटन पेन उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवला की लगेच मोकळा होतो, असा संदेश सध्या परभणी-नांदेडकडील शिक्षकांच्या गटांत फिरत आहे. तो घातक आहे. उकळत्या पाण्याने निबखालची, निबला शाई पुरवणारी प्लास्टिकची जीभ वाकू शकते, एबोनाइट या कडक रबराच्या पेनाचा काळा रंग तपकिरी पडतो आणि स्पिरिटने ॲक्रिलिक प्लास्टिकच्या पेनाला बारीक तडे जाऊ शकतात. निब व जीभ साध्या पाण्यात रात्रभर ठेवावी, पाणी रंगेल तसे बदलत राहावे. तरीही शाई न सुटल्यास भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब त्यात टाकावा. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते व त्यातले क्षार जिभेच्या केसाएवढ्या खाचांत बसतात, म्हणून शेवटी आरओच्या पाण्यानेच धुवावे. टाचणीने निबची चीर कोरणे कटाक्षाने टाळावे, कारण फाकलेली टोके पुन्हा जुळवणे फार अवघड असते.