ब्रेक ऑइल ‘फक्त वरून भरा’? नको!

दुचाकीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्क ब्रेकची सिस्टीम सीलबंद असते, ऑइल कधी बदलावं लागत नाही. पातळी उतरली की वरून भरा. भरायचंच तर डॉट 5 भरा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत), मोठा आकडा म्हणजे भारी माल. आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीला घरी हात लावू नका. हा मेसेज माझ्या भाच्यानेही पुढे पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

‘सीलबंद’ हा शब्दच फसवा आहे. डॉट 3 आणि डॉट 4 ही ग्लायकॉल जातीची ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात. होसच्या रबरातून, सीलमधून, ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाकडून तो थोडा थोडा आत मुरत राहतो. मानकाप्रमाणे नव्या डॉट 4चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस हवा. 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग लिव्हर ओढला तरी जोर पॅड दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत पोचतच नाही.

हे मी आंबेनळी घाटात अनुभवलंय. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो, मागे बायको, दोन बॅगा. सतत ब्रेक दाबत आलो होतो. अर्ध्या वाटेवर पुढचा लिव्हर मऊ पडला आणि थेट ग्रिपला टेकला. गियर उतरवत, मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने लिव्हर पुन्हा घट्ट! पॅड चांगले होते, गळती कुठेच नव्हती. ऑइल मात्र चार वर्षांचं. घरी येऊन काढलं, तर गुळाच्या पाकासारखं तपकिरी. तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलतो, तेही पावसाळा संपल्यावर.

आता ‘वरून भरा’. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि डबीतली पातळी आपोआप उतरते. म्हणजे पातळी उतरली की आधी पॅड बघायचे, मग गळती. नुसतं वरून भरलं तर जुनं, पाणी प्यायलेलं ऑइल खाली कॅलिपरमध्ये (पिस्टन आणि पॅड असलेला चाकाजवळचा भाग) तसंच राहतं, आणि सगळ्यात जास्त तापतं ते तिथेच. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जादाचं ऑइल टाकीवर सांडतं. ते रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं.

डॉट 5 सिलिकॉनचं असतं. ते डॉट 3, 4 किंवा 5.1मध्ये मिसळायचं नाही. (5.1 हे ग्लायकॉलचंच, नावामुळे गोंधळ होतो.) डबीच्या झाकणावर जे कोरलंय तेच भरा, आणि डबा नवा फोडा. गॅरेजच्या फळीवर सहा महिने अर्धवट उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

एबीएसबद्दलच्या भीतीत तथ्य आहे, पण अर्धंच. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅन टूल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लागतं. पण डबी रिकामी होऊच दिली नाही, तर साधं ऑइल बदलणं बहुतेक गाड्यांवर घरी होतं. कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर हळू दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर खाली गेला की निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. चार-पाच वेळा झालं की डबीत डोकावायचं, पातळी उतरली असेल तर नवं ऑइल भरायचं. नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल आलं की झालं.

हायड्रॉलिक (तारेऐवजी ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या) क्लचलाही हीच रीत. फक्त काही गाड्यांच्या क्लचला मिनरल ऑइल लागतं, त्यात डॉट 4 गेलं तर सील फुगून खराब होतात. तिथेही आधी झाकण वाचा. आणि लिव्हर घट्ट लागत नाही तोवर गाडी स्टँडवरून काढू नका, थेट मेकॅनिकला घरी बोलवा.