शटडाऊननंतरचं पहिलं पाणी

ठाण्यात 'शटडाऊन' हा शब्द आता दूधवाल्याच्या सुट्टीइतका घरगुती झालाय. टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती, पिसेला पंपाचं काम, कुठेतरी लाइन फुटली. कारण बदलतं, मेसेज तोच. 24 तास पाणी बंद, त्यानंतर एक-दोन दिवस कमी दाबाने. मग सोसायटीच्या ग्रुपवर टँकर, बादल्या आणि सेक्रेटरीला टोमणे. पाणी किती तास नव्हतं याचा हिशोब सगळे ठेवतात. परत आलं तेव्हा ते कसं होतं, हे विचारताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

पण घोळ तिथेच असतो. भातसा नदीचं पाणी पिसे बंधाऱ्यावर उचललं जातं आणि टेमघरला शुद्ध होतं. तुरटीने गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचं, शेवटी क्लोरीन. पद्धत जुनी, पण भरवशाची. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मला फारशी काळजी नाही. काळजी पुढच्या प्रवासाची आहे: जलकुंभ, गल्लीतली लाइन, आणि सोसायटीची जमिनीखालची टाकी. लाइन भरलेली असते तेव्हा आत दाब असतो, त्यामुळे गळती असली तरी पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद होऊन लाइन रिकामी झाली की त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. आणि जुन्या दाट वस्त्यांत बाहेर काय असतं? कितीतरी नळजोडण्यांचे पाइप गटारातूनच गेलेत.

म्हणजे रोज ठरावीक वेळच पाणी देणं हा रोजचा छोटा शटडाऊनच. 24 तास पाणी ही श्रीमंती नाही, लाइनमध्ये दाब टिकवून बाहेरची घाण बाहेर ठेवायचा तो उपाय आहे. ओडिशातल्या पुरीने 2021 मध्ये थेट नळाचं पिता येईल असं पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात केली. 'आपल्याकडे हे शक्यच नाही' म्हणायची सोय तेव्हापासून गेली.

हे न झाल्यास काय होतं, ते पुण्याने जानेवारी 2025 मध्ये पाहिलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं.

आपल्याकडे मात्र निवडणूक आली की काळू आणि शाई या प्रस्तावित धरणांची नावं निघतात. धरण हवंच, घोडबंदरचे टॉवर बघितले तर नाही कोण म्हणेल? पण धरणाचं भूमिपूजन होतं, फोटो येतो. गल्लीतला सहा इंची पाइप बदलला तर रस्ता खोदल्याबद्दल शिव्याच पडतात. नवी मुंबईतले मित्र स्वतःच्या मोरबे धरणाबद्दल अभिमानाने बोलतात, ते योग्यच. पण वाशीच्या जुन्या सेक्टरांत इमारतींचं वय पुनर्विकासामुळे सगळ्यांना तोंडपाठ असतं, खालच्या पाइपांचं वय कुणी विचारत नाही. जमिनीखाली काय जातं हे खोदणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं? वागळे इस्टेटमध्ये बोअरवेल घेताना थेट मुंबईच्या जलबोगद्यालाच भोक पडलं होतं. त्याच्या दुरुस्तीसाठी मार्च 2023च्या अखेरीपासून 15 टक्के पाणीकपात झाली.

या सगळ्यावर आपला घरगुती तोडगा म्हणजे आरओ, पाण्यातले क्षार काढणारं मशीन. नदीच्या पाण्यात मुळात क्षार कमी, त्यामुळे बहुतेक घरांना त्याची गरजच नाही. जंतू मारणारं यूव्ही पुरेसं आहे. वर आरओ बादलीभर पाणी मोरीत सोडतं ते वेगळंच. पण माझा मुख्य राग दुसरा आहे. ज्यांचा फोन नगरसेवक उचलतो त्यांनी मशीन बसवली आणि विषय सोडून दिला. चाळीतले लोक थेट नळाचं पितात, आणि त्यांना 'उकळून व गाळून प्या' असा सल्ला मिळतो. गॅस सिलिंडरचा भाव सल्ला देणाऱ्याने भरावा.

मागणी फार मोठी नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. ओटी या क्लोरीन तपासायच्या टेस्टमध्ये थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, मिनिटभराचं काम. शटडाऊनचा मेसेज येतो तसाच, पाणी सुरू झाल्यावर प्रभागवार क्लोरीनचा आकडाही मोबाइलवर येऊ दे. शेवटच्या टोकाच्या नळाचा आकडा हवा, जलकुंभाजवळचा नको. आणि पाण्याला ब्लीचिंगचा थोडा वास आला तर ग्रुपवर बोंब मारू नका, वास अजिबात नसेल तेव्हा विचारा.

तोवर एक करा. शटडाऊननंतर पाणी आलं की सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह लगेच उघडू नका. आधी टाकीआधीच्या नळातून ते बादलीत घ्या, रंग-वास बघा, स्वच्छ येईपर्यंत बाहेर सोडा. हे वॉचमनला सांगावं लागेल. त्यामुळे टाकी अर्धा तास उशिरा भरेल आणि सातव्या मजल्यावरचे काका त्याच्यावर ओरडतील. तेव्हा ग्रुपवर वॉचमनची बाजू घ्या.