गाडी खाली का आणली?

शेजाऱ्यांकडे सांगलीहून आलेल्या काकांनी काल माझ्या डॅटसन २४०झेडकडे पाहून, मयताला आल्यासारखा आवाज खाली घेत, "पुढच्या स्प्रिंगा गेल्या वाटतं हो," असे म्हटले, आणि ते मला अद्याप पचलेले नाही. गाडी पुढून दीड इंच खाली यावी म्हणून ज्याने महिन्याचे किराणा-बिल लाजेल एवढा खर्च केला आहे, त्याचे सांत्वन कोणी करू नये.

खरे तर काम साधे आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत धडाक्याने खपलेल्या या दोन आसनी जपानी गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे एका जाड नळीत शॉकअप, भोवती स्प्रिंग आणि खाली चाक ज्यावर फिरते तो स्पिंडल. नुसती स्प्रिंग कापली तर गाडी खाली येते, पण शॉकअपचा दांडा निम्मा आतच राहतो आणि पहिल्याच खड्ड्यात तळाला आदळतो. म्हणून नळीच कापून आखूड करायची, पुन्हा वेल्ड करायची आणि आत आखूड इन्सर्ट, म्हणजे तयार बंद शॉकअप, बसवायचा.

हे सारे मी गॅरेजमध्ये करत असताना काका घडीच्या खुर्चीवर चहा घेऊन बसत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली असल्यामुळे, इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मुलाकडे सहा महिने काढताना त्यांना माझे गॅरेज हेच तेवढे ओळखीचे ठिकाण वाटले असावे. नळीच्या तोंडावरचे गंजलेले नट पाईप पान्याला दाद देत नव्हते आणि आतले काळे तेल माझ्या बाहीत उतरत होते, तेव्हा त्यांनी विचारले,

"नळी कापताय कशाला?"

"गाडी खाली यावी म्हणून, काका."

"आम्ही जन्मभर गाड्या वर उचलल्या. स्प्रिंगांचे पाटे बसले की ड्रायव्हर तक्रार लिहायचा आणि आम्ही नवे पाटे घालायचो. वर होती तेव्हा काय त्रास होता?"

गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, हे मी सांगितले. त्यांनी घरापासून देवळापर्यंतचा आणि देवळापासून भाजीच्या दुकानापर्यंतचा रस्ता मनात फिरवला, आणि म्हणाले, "यात वळण कुठलं? त्यापेक्षा पुढं बटाट्याची दोन पोती टाका. फुकटात खाली जाईल."

यानंतर मी चकत्या दाखवल्या, हे माझे दुर्दैव. गाडी खाली आणली की चाकाला गाडीशी जोडणारे खालचे आर्म तिरपे होतात आणि खड्ड्यात चाक आपल्याच मर्जीने वळू लागते, म्हणून स्ट्रटचा तळ आणि चाक वळवणारा स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये जाड चकती घालतात. काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हणजे खाली आणायची, आणि खाली आल्यानं जे बिघडतं ते नीट करायला ही चकती घालायची. पैसे कोण देतंय?"

"मीच."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. विषय बदलावा म्हणून एर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ही रचना चाळीसच्या दशकात स्वस्त आणि आटोपशीर मोटारीसाठी विकसित केली, असे मी सांगून टाकले, आणि बोलण्याच्या ओघात आपल्या मारुती ८०० लाही पुढे हीच असल्याचे तोंडून निसटले. "म्हणजे मारुतीचंच की हे!" ते इतक्या आनंदाने म्हणाले की शेजारची सूनबाई बाहेर येऊन पाहू लागली.

काकांवरचा राग मी एकवेळ गिळेन, पण या देशातल्या वेल्डिंगवाल्यांवरचा गिळता येत नाही. चाक ज्यावर उभे राहते त्या नळीला हात लावण्यास एकामागून एकाने नकार दिला. काही झाले तर वकील आपल्या दारात येईल ही त्यांची भीती मला समजते. परंतु अखेर जो तयार झाला, त्याने त्या भीतीचीही किंमत बिलात लावली आणि ओळ मात्र 'दुकानातील किरकोळ साहित्य' अशी लिहिली. आतून छोटी नळी बाहीसारखी घालून केलेला सांधा चांगला उतरला आहे, हे नाइलाजाने मान्य करतो.

एवढे करून गाडी अलाइनमेंटला नेली. तिथल्या तरुणाने चाके बिनचूक लावली आणि सोबत एक छापील कागद दिला: पुढील बाजू खचलेली आढळली, दोन्ही स्प्रिंगा बदलाव्यात, अंदाजे खर्च खाली दिला आहे. फाटकाशीच काका भेटले. त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि समाधानाने परत दिला.

"बघा," ते म्हणाले, "इथला माणूसही तेच सांगतोय."