ढवळलं होतं का?

नाही हो, ढवळलं नव्हतं. घरी बिअर करायला घेतली, तीन किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा घट्ट गोड पाक, डब्यांतून थेट ड्रमात ओतलं, वर विहिरीचं पाणी सोडलं, हात जोडले आणि झोपायला गेलो. हेच ऐकायचंय ना सगळ्यांना? घ्या, ऐका.

अरे, ढवळलं! खांदा भरून येईपर्यंत ढवळलं. फेस ड्रमाच्या तोंडाशी आला, तो खाली बसेपर्यंत ताटकळत उभा राहिलो. मग वरून नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर सोडला, म्हणजे साखर किती ते घनतेवरून सांगणारी काचेची नळी, 1.036. खालच्या तोटीतून घेतला, 1.036. पाक तळाशी बसून वर नुसतं पाणी राहिलं असतं तर दोन आकडे दोन तोंडांचे आले असते. दोन्ही सारखे आले आणि दोन्ही सारखेच नतद्रष्ट. यायला हवा होता 1.045.

पुण्याच्या मेहुण्याला फोन लावला. आमच्या घरातला बिअरचा विद्वान तो. मी आकडा पुरता सांगायच्या आत, "भावोजी, ढवळलं होतंत का?" एका मित्राला फोटो पाठवला, त्याचं उत्तर तीन शब्दांत आलं, तेच तीन शब्द. घरात बायको भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, नीट ढवळलं होतंत ना?" हिला हायड्रोमीटर कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही!

मला एक सांगा, साखर जाईल कुठे? धान्य भिजवून, पाणी तापवून बिअर करणाऱ्यांची साखर कोंड्यात अडकते, तापमान चुकलं की सुटतच नाही, ते बिचारे रडले तर समजू शकतो. आम्ही डबेवाले. सगळी मेहनत कारखान्याने आधीच केलेली. 1.045 म्हणजे 45 पॉइंट. किलोभर पाक लिटरला 300 पॉइंट देतो, तीन किलोचे 900, भागिले 20 लिटर, 45. चौथीतलं पोर करेल. डबे गरम पाण्याने विसळून तेही ओतलं होतं, म्हणजे डब्याच्या बुडाला राहिलं असेल ही सोयही उरली नाही.

मग लागलो शोधायला. हायड्रोमीटर साध्या पाण्यात सोडला, 1.000 यायला हवा तर 0.997. झालं! नळीतला कागद सरकलाय म्हणून विक्रेत्याच्या सात पिढ्या उद्धरायला घेतल्या, तेवढ्यात नळीवरचं मुंगीएवढं अक्षर दिसलं. 20 अंश सेल्सिअस. आकडा त्या तापमानालाच बरोबर, त्याहून गरम असेल तर कमी दाखवणार. ड्रमातलं वर्ट, म्हणजे न आंबलेलं पाकाचं पाणी, 32 अंशांवर, पाणीही साधारण तेवढंच. म्हणजे नळी खरं बोलत होती, फक्त ती थंड प्रदेशातली होती. तीन पॉइंट तिथे गेले. वेंगुर्ल्यात मे महिन्यात 20 अंश कुठे मिळतात ते तरी लिहायचं होतं डब्यावर. "गार नळाचं पाणी घाला." आमच्या गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे येतं त्यात चहा होईल. "घरातल्या तापमानाला ठेवा." कुणाच्या घरातल्या? या सूचना लिहिणाऱ्याला एकदा आमच्या माजघरात आणून बसवायला पाहिजे, पंख्याशिवाय, लाईट गेलेली असताना.

तीन मिळाले, सहा कुठेत? आता जे सांगतोय ते बसून वाचा. ड्रमाची जोडी घेतली होती, दुसरा बाटल्या भरायच्या वेळेसाठी. त्याच साच्यातला, त्याच उठावदार खुणा, 5, 10, 15, 20. त्यात लिटर लिटर पाणी मोजून ओतत गेलो, प्रत्येक लिटर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर किलोभर भरतंय ना बघून. विसावं लिटर ओतलं आणि पाणी विसाच्या खुणेच्या पार खाली. एकविसावं. बाविसावं. तेविसाव्याला पाणी खुणेला टेकलं. विसाच्या खुणेला तेवीस लिटर! 900 भागिले 23, 39. वजा गरमीचे तीन, 36. पै न् पै जुळली. दूधवाल्याने लिटरमागे एवढं पाणी घातलं तर गावात त्याची धिंड निघेल. आणि इथे ड्रमच माझ्याकडून पाणी घालून घेतो!

विक्रेत्याला फोटो, व्हिडिओ, हिशोब, सगळं पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "सर, खुणा अंदाजे असतात. वर्ट नीट ढवळलं होतं का?"

हेच लोक पार्सल पाठवताना म्हणाले होते, तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा नाही, कुडाळहून उचला. उचललं. वर सुक्या माल्टची पिशवी घ्यायला लावली, "असू द्या सर, ग्रॅव्हिटी कमी आली तर उपयोगी पडते." (कमी येणारच हे त्यांना आधीच ठाऊक!) आता सहा पॉइंट भरून काढायला पावणेचारशे ग्रॅम पुरतं, म्हणून पिशवी काढली. एकदाच उघडली होती, रबर लावून डब्यात ठेवली होती. आतली पूड कोकणच्या हवेने चिऱ्यासारखी झालेली. वरवंटा घातला तर एक टवका उडून चष्म्याला चिकटला. शेजारचे काका गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "माडयेक कोण असली नळी लावता रे?" नाही लावत, काका. माडी सकाळी उतरते, आपली आपण फसफसते, तिचा ओजी, म्हणजे आंबण्याआधीचा हा घनतेचा आकडा, कुणी विचारत नाही. दारूबंदीचा 1949 चा कायदा मात्र याच काकांनी मला ऐकवला, तोंडाला माडीचा वास असताना.

रात्री वरवंटा बाजूला ठेवून शेवटचा हिशोब केला. 1.045 ला साडेचार टक्क्यांच्या आसपास दारू झाली असती. 1.039 ला पावणेचार होईल. म्हणजे पाऊण टक्क्यासाठी मी दोन रात्री मोबाईलच्या उजेडात काचेची नळी डोळ्याशी धरून बसलो होतो, बायकोचा वजनकाटा भिजवला, आणि बाजारातल्या दुकानात आयती थंडगार बाटली मिळत होती. शिवाय तीन लिटर बिअर जास्त होणार, याची कुणी तक्रार करतं का?

काही घालणार नाही. यीस्ट टाकलं, झाकण लावलं, ड्रम टबात ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या लावल्या. मेहुणा गणपतीला येतोय. बाटली उघडायच्या आधी ओजी विचारणार, त्याचा स्वभावच तो. 1.045 सांगणार आहे.