घरबसल्या गुलाम व्हा

'गुलामगिरी' हा शब्द आपण सुशिक्षित लोक अजून पुरेसा वापरत नाही, असं परवाच्या सोसायटीच्या मिटिंगनंतर माझं पक्कं मत झालंय. मिटिंगचं सांगतेच, पण आधी नवशिक्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

सुरुवात ऑफिसपासून करा. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला या, असा मेल आला की लगेच स्टेटस टाका, 'कॉर्पोरेट गुलामी'. एसी कॅबमधून टाकलात तर उत्तम, फोटोत कॉफीचा मग आला तर फारच उत्तम. ईएमआयला 'पायातली बेडी' म्हणायचं. कितव्या फ्लॅटचा ईएमआय, ते सांगायचं नाही.

बायकोने कोथिंबीर आणायला पिटाळलं की तुम्ही बायकोचे गुलाम.

पोरांचा फोन हिसकावताना 'मोबाईलचे गुलाम झालात!' असं ओरडा आणि मग तोच फोन बघत बसा.

इतिहासाचा आधार घेतलात तर बोलण्याला वजन येतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. एवढं मोठं नाव पाठीशी असताना तुम्ही ते ट्रॅफिक आणि जीएसटीसाठी वापरायला का लाजता?

सगळ्यात प्रभावी वापर मात्र घरकामाच्या बाईसमोर होतो. परवा मिटिंगला कामाच्या मावशी आल्या होत्या, दाराशी उभ्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा कुणी म्हणालं नाही. मागणी एकच, महिन्याला चार सुट्ट्या, पगार न कापता. त्यावर आमच्या एका आदरणीय सभासदांनी उद्गार काढले, 'अहो, आपण या बायकांचे गुलाम होऊन बसलोय!' टाळ्या पडल्या. मावशी सामानाच्या लिफ्टने खाली गेल्या, कारण दुसरी लिफ्ट त्यांना चालत नाही. म्हणजे गुलामांना, आपल्याला, चालत नाही.

या गृहस्थांच्या फ्रिजवरचं कॅलेंडर मी पाहिलंय. दुधाचे खाडे निळ्या पेनाने, बाईचे लाल पेनाने. एक लाल गोल तिची पोरगी तापाने फणफणली होती त्या दिवशीचा.

हाच 'खाडा' उसाच्या फडातही असतो. बीडकडच्या नवरा-बायकोला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. त्या दोघांना मिळून माणसं म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. दिवाळीच्या सुमारास निघायचं, फडाशेजारी कोपी, म्हणजे झोपडी, टाकायची, पहाटेपासून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. बाई आजारी पडली की खाडा. मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकलेल्या बायका बीड जिल्ह्यात समोर आल्या तेव्हा, २०१९ मध्ये, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. पळून गेलात तर घरच्या कुणाला तरी धरून बसवतात. आणि याला आपण काय म्हणायचं? 'हंगामी स्थलांतर'! कारण गुलामगिरी हा शब्द आपल्याला सोमवारी सकाळी लागतो.

डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली त्याच्याकडे राबत राहायचा, त्याला 'लग्नगडी' म्हणत. त्याविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले. झाला की इतिहास, असं म्हणाल. २०२२ मध्ये इगतपुरीकडची कातकऱ्यांची पोरं मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं. आईबापांच्या हाती काय, तर थोडे पैसे आणि एखादी मेंढी. आपण ते पेपरात वाचलं आणि राशिभविष्याच्या पानाकडे वळलो.

कायदा आहे, बरं का. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने माणसाला कामाला बांधून ठेवणारं कर्ज रद्दच ठरवलंय, ते फेडायचंच नाही. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किती, तर दोन हजारांपर्यंत! आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवला तरी याहून जास्त बसतो. १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली वेठच. हे मी त्या मिटिंगमध्ये सांगायला उभी राहिले, तर सेक्रेटरी म्हणाले, 'मॅडम, विषय पार्किंगचा चाललाय.'

बास झालं मार्गदर्शन. एवढे गुलाम आहात ना, मग द्या राजीनामा. आत्ता, त्याच फोनवरून. नोटीस पिरियड भरा, पीएफ काढा, ऑफिसवाले केक कापून निरोप देतील. कुणी तुमच्या सासऱ्याला गाडीत घालून नेणार नाही. नाही द्यायचा? मग कंटाळा आलाय म्हणा, बॉस नालायक आहे म्हणा, मी चहा पाजून ऐकून घेईन. पण तापलेल्या पोरीपाशी बसलेल्या बाईचे पैसे कापायचे आणि वर स्वतःलाच गुलाम म्हणवून घ्यायचं, हे चालणार नाही. थोडी लाज बाळगा. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा.