तुमच्या जर्मनीचंच मशीन हाय, मामा

गेल्या पावसाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं एक माहितीपत्रक टाकलं. कोल्हापुरातल्या एका दवाखान्याचं. ओझोन थेरपी, म्हणजे ओझोन वायूनं उपचार, दहा सिटिंगचं पॅकेज. मधुमेहाची जखम, गुडघेदुखी, मणक्यातली गादी सरकणं, थकवा, पचन असं सगळं एकाच यादीत. खाली मशीनचा फोटो आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘जर्मन तंत्रज्ञान’. भाच्यानं लिहिलं होतं, ‘मामा, तुमच्या जर्मनीचंच मशीन हाय. तुमी काय म्हंता?’

प्रश्न आक्काच्या पायाचा होता. आक्का माझी थोरली बहीण. साखर पंधरा वर्षांची, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, तीन महिने झाले तरी भरायचं नाव नाही. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ओझोन म्हणजे निव्वळ थोतांड. दुसऱ्याचं म्हणणं, ॲलोपॅथीवाल्यांना दुसऱ्याचं बरं कधी बघवलंय? हा तंटा जुनाच. २०२० च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली आणि ११ डिसेंबरला डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर बंद पाळला, तेव्हाही आमच्या ग्रुपवर अशीच जुंपली होती. तेव्हा वाद पॅथीचा होता, आताही पॅथीचाच झाला. ओझोन द्यायचा कुठून, किती आणि कुणी, हे महिनाभरात एकानंही विचारलं नाही.

मी स्टुटगार्टला राहतो, पंपांच्या कारखान्यात नोकरी करतो. डॉक्टर नाही. पण ओझोन मला परका नाही. इथल्या नळाला येणारं बरंचसं पाणी बोडनझे सरोवरातलं. ते डोंगरावर चढवून ओझोननं निर्जंतुक करतात, वाळूतून गाळतात आणि मग शहराकडे सोडतात. असल्या ठिकाणी पंपाच्या कामाला गेलं की भिंतीवर ओझोनचा गजर असतो. तो वाजला की हातातलं काम तिथंच टाकून बाहेर पडायचं, विचारत बसायचं नाही. उन्हाळ्यात कडक ऊन पडलं की रेडिओवर सांगतात, आज हवेत ओझोन जास्त आहे, दुपारी बाहेर पळापळीचे खेळ टाळा. घनमीटरला १८० मायक्रोग्रॅमवर सूचना, २४० वर धोक्याचा इशारा. वास तुम्हालाही ठाऊक आहे. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापल्यावर जो तिखट, धातूसारखा वास यायचा, तोच. वासावरूनच त्याचं नाव पडलं. क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं १८४० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझलला तो ओळखला आणि ग्रीकमधल्या ‘वास येणे’ या क्रियापदावरून नाव ठेवलं. हा शोनबाइन जन्मला मेट्सिंगेनला, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. भारतातून आलेला एकही पाहुणा मला मेट्सिंगेन दाखवायला लावल्याशिवाय परतत नाही, पण तो शोनबाइनसाठी नव्हे, सवलतीच्या कपड्यांसाठी.

तर ‘जर्मनीत करतात’ हे खरंच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यातल्या डॉक्टरांनी चिघळलेल्या जखमांवर ओझोन वापरला होता. आजही इथं तो देणारे भरपूर आहेत. पण दहातल्या जवळपास नऊ जणांचा विमा सरकारी पद्धतीचा, आणि तो या उपचाराला एक सेंटही देत नाही. विम्यात काय बसतं हे ठरवणाऱ्या समितीनं नाकारलेल्या पद्धतींची जी यादी केलीय, तिच्यात ओझोन नावानिशी आहे. मग देतं कोण? काही डॉक्टर, आणि बरेचसे हाइलप्राक्टिकर. हा इथला खास प्रकार. १९३९ च्या कायद्यानं आलेला, वैद्यकीय पदवी नसलेला पण आरोग्य खात्याची परीक्षा पास झालेला उपचारक. म्हणजे कोल्हापुरात ज्या गोष्टीवरून आपण गळा काढतो, ती इथं ऐंशीहून जास्त वर्षं कायद्यानं नांदतेय. ‘परदेशात बघा कशी शिस्त’ असं मला लिहायचं असतं तर इथंच अडलो असतो.

मात्र इथं एक गोष्ट झाली ती मला पटली. जून २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की रुग्णाचं रक्त काढून, त्यात ओझोन मिसळून ते परत देणं हाइलप्राक्टिकरला करता येणार नाही. रक्त काढणं हे रक्तसंक्रमण कायद्यानं डॉक्टरचं काम. ओझोन खरा की खोटा यात न्यायालय शिरलंच नाही. त्यानं फक्त विचारलं, सुई कुणाच्या हातात?

भाच्याला मी फोनवर हेच सांगत होतो. अरे, ओझोन हा एक उपचार नाहीच. तीन-चार वेगवेगळे उपचार एका नावाखाली विकतात.

पत्रकातला सगळ्यात महाग प्रकार बाटलीचा. शंभर ते दोनशे मिलिलिटर रक्त काढायचं, गोठू नये म्हणून त्यात औषध घालायचं, ऑक्सिजन-ओझोनचं मिश्रण सोडून बाटली हलवायची आणि रक्त परत शिरेत. ‘रक्तात ऑक्सिजन भरतो’ हे त्याचं कोल्हापुरी स्पष्टीकरण चूक आहे. धडधाकट माणसाचं रक्त फुप्फुसातून निघतानाच ऑक्सिजननं जवळजवळ भरलेलं असतं, वर आणखी भरायला जागा कुठं? ओझोन तर बाटलीतच संपतो. रक्तातल्या चरबीवर आणि इतर घटकांवर त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थ तयार होतात, आणि शरीरात परत जातात ते हेच. इटलीतल्या सिएना विद्यापीठाचे वेलिओ बोची यांनी या विषयात आयुष्य घातलं. त्यांची मांडणी अशी की या हलक्या धक्क्यानं शरीर आपली स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करतं. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी पन्नास जोर मारायला लावतात, तसं. विचार सुंदर आहे. पण मग पन्नासच का, पाचशे का नाहीत, याचं उत्तर हवं. मात्रा कमी पडली तर काहीच होत नाही, जास्त झाली तर तांबड्या पेशी फुटतात. जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असेल त्यांना हा धोका मोठा. आपल्याकडं असे लोक आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. आक्काला त्या दवाखान्यात ना याची तपासणी सांगितली, ना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारलं. मी बाटलीला नाही म्हटलं ते एवढ्यासाठी. आता ऑस्ट्रियाहून याचीच मोठी आवृत्ती आलीय. तेच दोनशे मिलिलिटर, पण दाबाखाली आणि एका बैठकीत दहा वेळा. मात्रा दसपट, पुरावा मात्र आहे तेवढाच.

दुसरा रस्ता गुदद्वारातून. ऐकून ग्रुपवर हसले सगळे. पण तो स्वस्त, सुई नको, रक्त नको, म्हणून क्यूबात तो रुळला. मधुमेही पायावरचा नाव घेण्याजोगा एक अभ्यास तिथलाच, २००५ चा, १०१ रुग्णांचा. गुदद्वारातून आणि जखमेवर असा दोन्हीकडून ओझोन, आणि तुलनेला प्रतिजैविकं. ओझोनचा गट उजवा ठरला. पण २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेनं या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा हाती लागल्या तीन चाचण्या आणि २१२ माणसं, आणि निष्कर्ष निघाला की पुरावा अपुरा आहे. एवढ्या लोकांवरून तर गल्लीच्या मंडळाचा अध्यक्षही ठरत नाही.

तिसरा प्रकार पिशवीचा. जखमेवर ओल्या गॉजची घडी, पाय पिशवीत, घोट्यावर घट्ट पट्टा, आतली हवा ओढून घ्यायची आणि वायू भरायचा. चौथा गुडघ्यात किंवा मणक्याच्या गादीत सुईनं. मणक्याचा प्रकार वाढला तो इटलीत. (आपली कोल्हापुरी चप्पल प्राडाच्या फॅशन शोत तिकडं गेली, सुई इकडं आली. फरक इतकाच की चप्पल गेली तेव्हा आपण बोंब मारली.) आणि एक पाचवा रस्ता, जो कुणी सांगितला तर तिथून उठून यावं: वायू थेट शिरेत. बुडबुडा फुप्फुसात किंवा मेंदूत अडकू शकतो, म्हणून युरोपातल्या खुद्द ओझोनवाल्यांच्या संघटनांनीच १९८० च्या दशकात तो बाद केला. श्वासावाटे घेणं तर नकोच नको. अमेरिकेचं औषध प्रशासन याहून कडक आहे. त्यांच्या नियमात सरळ लिहिलंय की ओझोन हा विषारी वायू असून त्याचा वैद्यकीय उपयोग ज्ञात नाही. मला ते वाक्य जरा जास्तच वाटतं, पण ते कशामुळं आलं असेल हे पत्रकातली यादी पाहिली की कळतं.

डिसेंबरात मी गावी गेलो. आक्काला पिशवीच्या ओझोनला नेलं, पण आधी पायातला रक्तपुरवठा तपासून घेऊन आणि मूळचे डॉक्टर, त्यांचं ड्रेसिंग, इन्सुलिन जसंच्या तसं चालू ठेवून. खोलीची खिडकी उघडी होती, ही जमेची बाजू. मी मशीनमागं वाकून पाहिलं. नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला होती. कोरोनानंतर घरोघरी पडून असलेल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या काँसन्ट्रेटरला जोडली असती तर सोबत नायट्रोजनही गेला असता आणि त्याची ऑक्साइडं झाली असती. ऑपरेटर पोरगं माझ्याकडं चोर पकडल्यासारखं बघत होतं. पिशवी फुगली, आक्काचा पाय आत अंधूक दिसायला लागला.

‘भाजी आणल्यागत वाटतंय,’ आक्का म्हणाली. ‘मी कुठं न्हाई म्हणालो? बसतो की अर्धा तास.’ (आमच्या बायका पुरुषासारखं बोलतात. पुण्याची माझी बायको लग्नाला वीस वर्षं झाली तरी दचकते.)

निघताना आक्कानं चप्पल पायात सरकवली आणि मला काय पाहायचं होतं ते तिथं दिसलं. अस्सल कोल्हापुरी, कापशी. अंगठ्याचा चामडी वेढा कडक, आणि तळाच्या शिलाईची गाठ बरोबर जखमेच्या जागी वर आलेली. आक्काच्या तळपायाला संवेदना नाही. तिला ती गाठ कधी टोचलीच नव्हती. तीन महिने आम्ही पॅथीवर भांडलो आणि जखमेवर रोज तीन-चार हजार पावलं पडत होती.

ज्या पायाला कळत नाही त्यावरचा भार काढायचा, हे शास्त्र काही जर्मनीतून आलेलं नाही. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हे शिकले आणि पुढं अमेरिकेत घेऊन गेले. त्यांच्या कामातली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेह्यांना देतात. आक्कासाठी ती आणली. तिनं उलटीसुलटी करून पाहिली. ‘ही घालून लग्नाला जाऊ व्हय? लोक म्हंतील, भावाचं जर्मनीत दिवाळं निघालं.’

आता जखम नखाएवढी उरलीय. भाचा दर रविवारी शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो पाठवतो. त्याचं ठाम मत, ओझोननं भरली. मी वाद घालत नाही, कारण पिशवी आणि चप्पल दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केल्या. त्या चुकीचा मानकरी मीच. चाचणीत दुसरा गट कशाला ठेवतात ते मला पुस्तकापेक्षा इथं जास्त कळलं.

आता गाडी दाजींच्या गुडघ्यावर आलीय. तरुणपणी कुस्ती, आता जिना चढताना कठडा. त्यांना ओझोनची सुई घ्यायची आहे आणि या वेळी मी नाही म्हटलं नाही. ब्राझीलमध्ये ९८ जणांवर केलेल्या चाचणीत खोट्या सुईपेक्षा ओझोनच्या सुईनं वेदना कमी झाल्या होत्या. फायदा काही महिन्यांपुरता असेल, कूर्चा काही परत येत नाही, पण जागा ठरलेली आहे, मात्रा ठरलेली आहे आणि सुई मारणारे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. दाजींना म्हटलं, एवढंच करा, मात्रा लिहून घ्या. पहिल्यांदा ते लाजले. डॉक्टरला असलं विचारायचं म्हणजे उद्धटपणा, अशी त्यांची पिढी.

परवा ग्रुपवर फोटो आला. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात: उजवा गुडघा, २० मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मिली, आठवड्यातून एकदा. इतक्या महिन्यांच्या वादात ग्रुपवर आलेला हा पहिला आकडा. भाच्यानं खाली विचारलंय, ‘मामा, आक्काच्या पिशवीत किती होता वो?’